गाढवाचा मागचा डावा पाय

दि. ६, मंगळवार

ती. मामास,

साष्टांग नमस्कार. चार वर्षांनी माझं अक्षर बघून तुम्ही हे पाकीट मामीच्या पुढ्यात टाकाल आणि म्हणाल, "घे, तुझ्या लाडक्याचं आहे." म्हणून मामीलाही नमस्कार. मामी, मोठ्याने वाच आणि मधलं गाळू नकोस. तब्येत बरी आहे. दोन वेळा पोटात जातं. दाढी आली आहे, पण डाव्या गालावर दाट आणि उजव्यावर विरळ. कुणीतरी अर्धवट सोडून दिल्यासारखी.

सध्या मी एका विद्यापीठात आहे. घाबरू नका, शिकायला नाही. धुवायला. मधे वर्षभर मेणवाल्याच्या ट्रकवर होतो, मधमाश्यांच्या पेट्या ह्या डोंगरावरून त्या डोंगरावर नेत. मग एक माणूस भेटला, तो जुन्या होड्या विकत घेऊन त्यांच्या लाकडाची टेबलं करायचा. त्याच्याकडे सहा महिने काढले. त्याला तीन मांजरं होती आणि तिघांनाही तो एकाच नावाने हाक मारायचा. कुणीच यायचं नाही. ते असो.

इथलं काम असं. आवारात ब्राँझचे अकरा प्राणी बसवलेत: पाणमांजर, कासव, घुबड, रानडुक्कर, अस्वल, तोंड वर करून ओरडणारं गाढव वगैरे. यादी तुम्हाला माझ्याहून जास्त पाठ असणार, कारण अकराही तुमच्या भट्टीतून निघालेत. हो, तेच. योगायोग म्हणायचा. पाटीवर शिल्पकाराचं नाव आहे, देणगीदाराचं आहे, पडदा बाजूला करणाऱ्याचं आहे, आणि खाली पाटी बनवणाऱ्याचा फोन नंबर आहे. तुमचं नाव नाही. पण पोटाखाली हात घातला की तुमचा अंगठा लागतो, मेणात उठवलेला. मी अकराच्या अकरा पोटांखाली हात घालून बघितला. रानडुकराच्या पोटाखाली अंगठ्यावरच कुणीतरी च्युइंगम चिकटवलं होतं. ते मी नखाने काढलं आणि अर्धा तास हात धुतले.

मामा, शिकलेली माणसं किती घाण असतात ते धुणाऱ्याला विचारा. घुबडाच्या डोळ्यांच्या खोबणीत सिगारेटी विझवतात. अस्वलाचं नाक परीक्षेच्या दिवशी चोळतात, त्यामुळे नाक सोन्यासारखं पिवळं आणि त्याच्या बाजूला काळपट मळाची कड, बाथरूमच्या बादलीला असते तशी. कासवाच्या पाठीवर बसून मिळेल ते खातात आणि कवचालाच हात पुसतात. पण सगळ्यात हाल गाढवाचे. ते ग्रंथालयाच्या पायऱ्यांपाशी आहे. तोंड उघडं, तेही वरच्या बाजूला. उरलेली कॉफी, कोल्ड्रिंक, जे काही हातात असेल ते येता-जाता त्याच्या तोंडात ओततात. म्हणे पेपर सोपा जातो. आणि पदवी मिळाली की त्याच्यावर बसून फोटो काढायचा. एकटा-दुकटा नाही, चारचार, पाचपाच. काळे झगे घालून. पूर्वी ज्याची फजिती करायची त्याला गाढवावर बसवून धिंड काढायचे असं ऐकलंय. इथे आधी पदवी देतात आणि मग बसवतात.

आमच्या मुकादमाला आम्ही "ओके" म्हणतो. कशालाही हात लावून "एकदम ओके" म्हणतो म्हणून. आणि एक शिडीवाली मावशी आहे. शिडी तिच्या मालकीची, त्यामुळे त्या शिडीवर दुसरं कुणी चढत नाही. वरचे प्राणी तिचे, खालचे माझे. आधी साबण, मग पाणी, मग कोरडं फडकं, मग मेण. मेणाचा डबा उघडला की मला मळमळतं. तुम्हाला माहीत आहे, मी तुमच्याकडून निघालो तो त्या वासापायीच. मेण, शेणमाती, धूर. मी तेव्हा म्हणालो होतो की हे काम माणसाचं नाही, शेणात हात घालून मरायला मी जन्मलो नाही. ते तोंडातून जरा जास्तच गेलं. पण किळस खरी होती.

पदवीदान वीस तारखेला आहे. तोपर्यंत अकराही चकचकीत पाहिजेत.

एक विचारायचं होतं, सहजच. धातू आतून जाड आहे की पातळ हे न कापता बाहेरून कसं ओळखायचं? इथे एकाशी पैज लागली आहे.

गाढवाच्या खुरापाशी हिरवट ओघळ येतो. ओके म्हणतो, "गाढव आहे, मुतणारच." मावशी म्हणाली, "मुकादम, तुमच्या घरी दाखवून घ्या कुणाला तरी. हिरवं बरं नसतं."

उत्तर नाही पाठवलंत तरी चालेल. पाठवलंत तर पत्ता पाकिटामागे आहे.

तुमचा भटका भाचा

---

दि. १३, मंगळवार

ती. मामास नमस्कार.

तुमचं कार्ड मिळालं. अडीच ओळी! मावशीला दाखवलं तर म्हणाली, "तुझ्या मामाला शाई महाग पडते का?" मी म्हटलं, बोलणं महाग पडतं. तुम्ही लिहिलंत, "पायाचं विचारत असशील तर बोटाच्या सांध्याने चारही पाय वाजव. आवाज सारखा आला पाहिजे. कुठला प्राणी, कुठला पाय?"

मी पाय म्हटलंच नव्हतं, मामा. पत्र चार वेळा आठवून बघितलं. मी धातू म्हटलं होतं.

वाजवून बघितले. चारही सारखे नाहीत.

आता ते जरा राहू द्या, आधी दुसरं सांगतो. परवा पाणमांजराला मेण लावत होतो तर एक पोरगी शेजारी येऊन बसली, चित्रकलेची. म्हणाली, शेपटीवरचे केस किती जिवंत केलेत शिल्पकाराने. मी म्हटलं, केस शिल्पकाराने नाही केले. त्याने मातीचं नमुन्याचं जनावर केलं, गुळगुळीत. केस मामींनी मेणावर काढले, मोडक्या कंगव्याने, अकरा दिवस बसून. ती हसली. तिला वाटलं मी थापा मारतोय. इथे सगळ्यांना वाटतं की शिल्पकार रात्री झोपतो आणि सकाळी ब्राँझ तयार असतं. शिसारी येते. तरी मामी, ते केस खरंच छान झालेत. आता हात लावला तर बोटाला उलटे लागतात.

काय सांगत होतो? पाय. गाढवाच्या एका पायाला नडगीवर भेग आहे. केसाएवढी. गेल्या मंगळवारी बोटभर होती, आज चार बोटं आहे. मी ओकेला दाखवली. त्याने थुंकी लावून पुसली आणि म्हणाला, "दिसते का आता?" मी म्हटलं, वाळल्यावर दिसेल. तर त्याने गाड्यांचे पोचे बुजवतात ती लांबी आणली, त्यात ब्राँझची पूड कालवली आणि चाकूने भेगेत भरली. वर रंग. मग मागे सरकून बघितलं. "एकदम ओके. तुझा बापसुद्धा ओळखणार नाही."

मामा, तुम्ही लांबीच्या डब्याला आवारातसुद्धा येऊ दिलं नव्हतं. एकदा शेजारच्या गॅरेजवाल्याने डबा दाराशी ठेवला होता तर तुम्ही चिमट्याने उचलून रस्त्यावर ठेवलात. ओके चाकू पुसत होता आणि मला त्याची बोटं बघवेनात. सफाईदार होती. इतकी सफाई माणसाला एका दिवसात येत नाही. मी मोरीवर गेलो आणि ओकलो. मावशीला वाटलं सकाळची भाजी बाधली.

ओकेला म्हटलं, "ह्याच्यावर पाच जण बसले तर?" तो म्हणाला, "चार वर्षं बसतायत. गाढव आहे, ओझं उचलायलाच जन्मलंय. तू शिकला किती?" मी म्हटलं, सातवी आणि थोडं. "मग थोडं बाजूला ठेव आणि पाणमांजराकडे जा."

गाढवाचं वजन साडेतीनशे किलो असेल, नाही? पाय मुडपला तर डावीकडे पडेल. डावीकडेच फोटोला रांग लागते.

कुठला पाय ते पुढच्या पत्रात लिहितो.

भाचा

---

दि. १९, सोमवार

मामा,

मागचा डावा.

मामीने हे वाचू नये असं मनात आलं होतं, पण वाचू दे. दोघांनीही ऐका.

योगायोग नव्हता. दोन वर्षांपूर्वीही मी इथे येऊन गेलो होतो. लांबून बघितलं, गाढव उभं होतं, मी उलट पावली निघून गेलो. या खेपेला ठेकेदार माणसं घेतोय असं कळलं आणि मी तीन गाड्या बदलून आलो. पैजही कुणाशी नव्हती.

तुम्हाला तो दिवस आठवणार नाही, कारण तुमच्यासाठी तो इतर दिवसांसारखाच होता. गाढवाचे पाय वेगवेगळे ओतायचे होते. प्रत्येक पायाच्या आत मातीचा गाभा, त्यावर मेण, आणि मेणातून गाभ्यात ठोकायचे सोळा खिळे, म्हणजे मेण वितळून गेलं तरी गाभा मधोमध लटकून राहतो, हलत नाही. तुम्ही प्रत्येक पायासाठी खिळे मोजून वाटीत द्यायचात आणि वाटी रिकामी परत घ्यायचात. मागच्या डाव्या पायाचे दहा ठोकून झाले होते. वरचे. खालचे सहा राहिले होते आणि बाहेर मेणवाल्याचा ट्रक येऊन थांबला. त्या दिवशी त्याच्याकडे मेणाबरोबर जिवंत पेट्यासुद्धा होत्या. एक पेटी उघडी होती आणि तो उघड्या हाताने आतली चौकट उचलून दाखवत होता, हातावर माश्याच माश्या, आणि तो मला म्हणाला, "ये, श्वास हळू घे, काही करत नाहीत." मी गेलो. किती वेळ गेला कळलं नाही. परत आलो तेव्हा तुम्ही आतून ओरडलात, "माती चढव, वाळायला ऊन जाईल." मी माती चढवली. अर्धी चढल्यावर वाटीकडे बघितलं. सहा खिळे.

माती पुन्हा काढता आली असती. एक तास गेला असता. तुम्ही शिव्या दिल्या असत्या आणि संध्याकाळी विसरला असता.

तुम्ही विचारलंत, "वाटी?" मी म्हटलं, "रिकामी." खिळे खिशात होते.

पाय ओतला, वरची माती फोडली, बाहेरून छान निघाला. घासायला माझ्याकडेच आला. खालच्या भागात कापलेल्या खिळ्यांची तोंडं दिसायला हवी होती, ती नव्हती. तेवढंच नाही. नडगीवर टाचणीच्या डोक्याएवढं भोक होतं. म्हणजे गाभा कलंडून एका अंगाला टेकला होता आणि तिथे धातूचा रस पोचलाच नव्हता. आजूबाजूला पोचला तो कागदाएवढा. तुम्ही शेजारी मानेचा डाग घासत होता, पाठ माझ्याकडे. मी कानशीखालचा कीस उचलला, मेणात मळला आणि भोकात भरला. वर अंगठा फिरवला. मागे सरकून बघितलं. काहीच दिसत नव्हतं. मला तेव्हा बरंसुद्धा वाटलं, मामा. कारागीर झाल्यासारखं वाटलं. ओकेच्या बोटांची जी शिसारी आली, ती मी माझ्या बोटांत आधी बघितलेली होती.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मी शेणामेणाच्या वासाचं भांडण काढलं आणि मेणवाल्याच्या ट्रकवर चढलो. वास मला कधीच नकोसा नव्हता.

आता इथलं. शुक्रवारी मी कार्यालयात गेलो. तिथल्या बाई चश्म्यावरून बघतात.

"काय काम आहे?"

"गाढवाचा पाय मोडणार आहे."

"पशुवैद्यक विभाग मागच्या इमारतीत."

"ब्राँझचं गाढव. त्याच्यावर कुणी बसू नये."

"तुम्हाला कसं माहीत?"

"तो पाय ओतला तेव्हा मी होतो."

त्या म्हणाल्या लेखी द्या. मी लेखी दिलं, दीड पान, सहा खिळ्यांसकट. त्यांनी सगळं वाचलं, कुठे हसल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे दोष कारखान्याचा की तुमचा?" मी म्हटलं, माझा. "पण अंगठा त्यांचा आहे ना पोटावर? मग पत्र त्यांनाच जाणार. आणि एकात निघालं तर अकराही तपासावे लागतील." मग त्यांनी कागदावर शिक्का मारला आणि सांगितलं की समितीपुढे ठेवू, समिती पदवीदानानंतर बसते.

मी म्हटलं, नंतर बसून उपयोग काय? त्या म्हणाल्या, "नंतरच बसते हो ती. मी काय करू?" त्या वाईट नव्हत्या.

काल सकाळी रंगीत तालीम होती. झगे घातलेली पोरं ग्रंथालयापाशी जमली, फोटोवाला आलेला. तीन मुली आणि एक लठ्ठ मुलगा गाढवावर चढायला लागले. मी ओरडलो, उतरा, पाय तडकलाय. एकाने वाकून बघितलं आणि म्हणाला, "कुठे? काहीच नाही." खरंच काही नव्हतं. ओकेचं काम चोख होतं. मुलगी म्हणाली, "काका, फोटोतून बाजूला व्हा ना." काका! मी तेवीस वर्षांचा आहे.

मग मी मावशीच्या पिशवीतली छिन्नी-हातोडी घेतली आणि भेगेतली लांबी खरवडून काढली. दोन ठोके दिले. तिसऱ्याची गरज पडली नाही, छिन्नी आत गेली, पुठ्ठ्यात जावी तशी.

मामा, तुमच्या गाढवाच्या तीन खुरांखाली पाणी जायला भोकं आहेत, तुम्ही विसरत नाही. चौथ्याचं भोक कलंडलेल्या गाभ्याने बुजवलं होतं. तोंडातून ओतलेलं जे काही तीन पायांतून निघून जात होतं, ते ह्या एका पायात साठत होतं. चार वर्षांची कॉफी, कोल्ड्रिंक, सिगारेटींची थोटकं, आणि ह्या सगळ्यात भिजलेली तुमची माती. दीड बादली तरी असेल. आधी हिरवं आलं, मग काळं, मग काहीतरी गाठीगाठींचं. वास असा की फोटोवाला तिवई टाकून पळाला. झग्यांवर उडालं. लठ्ठ मुलगा एकदम हलका झाल्यासारखा उडी मारून खाली आला. एक मुलगी पायरीवर बसून ओकली, मग दुसरी. प्राध्यापक खिडक्या लावून घेत होते. मावशी शिडीवरून म्हणाली, "अरे, हे तर यांचंच आहे. यांनीच पाजलेलं." आणि मी त्यात उभा होतो, घोट्यापर्यंत. मला तेवढीच किळस येत होती जेवढी त्यांना, पण मी हललो नाही.

लेखी अर्जाने जे झालं नाही ते त्या वासाने केलं. अर्ध्या तासात गाढवाभोवती दोरी लागली. आता फुकट म्हटलं तरी कुणी बसणार नाही. उद्या फोटो अस्वलापाशी आहेत. अस्वलाचे पाय मी वाजवून बघितले, चारही सारखे. बाकीचे नऊही वाजवले, पुन्हा पुन्हा. सगळे ठीक आहेत. तुमच्या हातचं जे आहे ते ठीक आहे. हे मी अर्जातही लिहिलंय, शिक्क्याच्या वर.

ओकेने मला तिथल्या तिथे काढलं. "विद्यापीठाची मालमत्ता फोडलीस," म्हणाला. त्याच्या बुटांत गेलं होतं म्हणून जास्त चिडला.

विद्यापीठाचं पत्र तुम्हाला येईल. त्यात "निकृष्ट ओतकाम" असा शब्द असेल, मी आज सकाळी बाईंच्या टेबलावर मसुदा बघितला. ते पत्र तुमच्या हातात पडण्याआधी हे पडावं म्हणून आज टाकतोय. तुमच्या अंगठ्याला जो डाग लागणार आहे तो मी लावला आहे. माफ करा असं लिहिणार होतो, पण चार वर्षांनी तो शब्द मलाच लांबीसारखा वाटतो, भेगेवर लावायला बरा.

तो पाय गुडघ्यापासून कापून नवा ओतावा लागेल. विद्यापीठ कुणा दुसऱ्याला बोलवेल, तो आत सळई घालून लांबी भरेल आणि शिल्पकार येऊन सही करेल. तसं व्हायच्या आत तुम्ही या. बाई म्हणाल्या, मूळ ओतणारा स्वतःहून आला तर समितीचं बरंच काम वाचेल. खोली मला शनिवारी सोडायची आहे. त्यानंतर मावशीच्या अंगणात शिडीशेजारी जागा आहे, तिने स्वतः म्हटलं. मेणवाल्याचा ट्रक गुरुवारी इथून जातो. मी त्याला निरोप पाठवलाय की थांबू नकोस.

माझ्याशी बोलला नाहीत तरी चालेल. करवत चालवताना समोरून कुणीतरी घट्ट धरावं लागतं, आणि इथे ते कुणाला येत नाही. मी धरेन. खिळ्यांची वाटी मात्र दुसऱ्या कुणाच्या हातात द्या.

इथेच असलेला,
तुमचा भाचा